राघूचं स्टीअरिंग

एक

"बघा साहेब, मागच्या आठवड्यात पाहिलात तसाच आहे. सगळं जिथल्या तिथे," असं म्हणत म्हाताऱ्या चष्मेवाल्यांनी गॅरेजचं शटर वर ढकललं आणि अभिमानानं एका बाजूला उभे राहिले.

आत राघू उभा होता. राघू म्हणजे दोनच माणसांची, बाटलीच्या काचेसारखी हिरवीगार, जमिनीला पोट टेकतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. वय झालं होतं, पण रया गेली नव्हती. बोनेटवर धुळीचा कण नव्हता. भिंतीवरच्या फळीवर पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोड्या ओळीनं टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ रंगवलेली होती, म्हणजे एखादं हत्यार हललं की रिकामी जागा लगेच दिसावी.

चष्मेवाले बोलायला लागले की थांबत नसत. टर्बो कसा ओढतो, घाटात राघू कसा वळणाला चिकटून राहतो, हे सगळं सर्व्हेअरसाहेबांनी आधीच ऐकलं होतं. त्यांनी खिशातून टॉर्च काढला, काचेतून आत प्रकाश टाकला, आणि थबकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा आत पाहिलं.

"त्या लाकडी स्टीअरिंगला जरा हात लावून बघा," चष्मेवाले म्हणत होते. "पॉलिश मी स्वतः करतो. दुसऱ्या कुणाला करू देत नाही."

"लावला असता हो," सर्व्हेअर म्हणाले, "पण स्टीअरिंग आहे कुठं?"

दोन

सर्व्हेअर हे त्यांचं नाव नव्हे, पण नोकरीत लोक तसंच हाक मारत आणि निवृत्तीनंतर तेच चिकटलं. उभी हयात त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. आता कुणी जुनी गाडी घेत असलं की ती घेणाऱ्याच्या वतीनं पाहून देत. मेलेल्या गाड्या पुष्कळ झाल्या, आता जिवंत बघू, असं ते म्हणत. स्वतःकडे मात्र साधी चार दारांची, कधीही कुणी वळून न पाहिलेली गाडी होती. तरुणपणी एकदा स्पोर्ट्स कार घ्यायचा विचार मनात आला होता. तो संसाराच्या रगाड्यात कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही.

जुनी वेगवान गाडी निवडायची त्यांची एक रीत होती. आधी गाडी बघायचीच नाही, मालक बघायचा. साधी गाडी वापरून झिजते, पण अशा गाड्या बहुतेक हौसेपोटी मरतात. कुणी थंड इंजिन तापायच्या आधीच पिळतो, तर कुणी लांबून दामटत आणलेली गाडी दारात आली की चावी फिरवून मोकळा होतो. मग लालबुंद टर्बोला तेल मिळत नाही आणि तो आतल्या आत जळतो. म्हणून गाडी थांबल्यावर मालक काय करतो, याकडे सर्व्हेअरांचं लक्ष असे.

मागच्या आठवड्यात राघूला चक्कर मारून आणली ती मिस्त्रींनी. राघू विकत घेतला तेव्हापासून त्याची दुखणी काढणारे ते हेच. "माझा गुडघा कुरकुरतो हल्ली, क्लच जड आहे," असं सांगून चष्मेवाले दारातच थांबले होते. परत आल्यावर मिस्त्रींनी इंजिन लगेच बंद केलं नाही. ते तसंच गुरगुरत ठेवलं आणि म्हणाले, "शेठची सवय. धाप लागलेल्याला लगेच झोपवायचं नाही म्हणतात." सर्व्हेअरांनी तिथंच मनातल्या मनात गाडी पास केली होती.

नाही म्हणायला दोन गोष्टी त्यांना खटकल्या होत्या. फुटपाथच्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या रिमवर ताजे ओरखडे होते. एवढ्या जपलेल्या गाडीला ते शोभत नव्हते. आणि शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचं कार्पेट एकाच जागी, उजव्या पायाखाली, झिजून चक्क खळगा पडला होता. बसणारा माणूस पाय कशाला घासेल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

गाडी घेणार होत्या दातांच्या एक डॉक्टरीणबाई. त्यांना हीच गाडी हवी होती. दुसऱ्या, नव्या, जास्त दणकट गाड्या सर्व्हेअरांनी सुचवल्या, तर बाई नुसत्या हसल्या होत्या. उद्या दुपारी गाडी ताब्यात घ्यायची, त्याआधी एकदा डोळ्यांखालून घालून या, असा त्यांचा फोन आला म्हणून सर्व्हेअर आज न कळवताच येऊन थडकले होते. दार चष्मेवाल्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, उघडलं होतं.

"आज?" त्या गोंधळून म्हणाल्या होत्या. "पण तपासणी तर झाली ना तुमची?"

आता चष्मेवाले जिना दडादड चढून वर फोन करून आले होते आणि बैठकीच्या खोलीत पिंजऱ्यातल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. सर्व्हेअर कोचावर बसले. पाठीशी एक गोल उशी होती. तिच्यावर रेलले तर काहीतरी टणक मणक्यात रुतलं.

"ती नको, ही घ्या," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या आणि त्यांनी गोल उशी काढून चौकोनी मऊ उशी दिली. गोल उशी त्यांनी शेजारच्या खुर्चीत ठेवली आणि चहा ओतला. डाव्या हातानं ओतला, कारण उजव्या मनगटाला पट्टी होती.

"काय झालं हाताला?"

"बरणीचं झाकण उघडताना लचकला."

बरण्या स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून दिसत होत्या. काचेवर पिवळ्या पेन्सिलीनं, दुकानावरच्या पाटीइतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, साखर, मीठ, चहा.

"दुकानातल्या पेन्सिली," सर्व्हेअरांची नजर ओळखून वहिनी म्हणाल्या. "भिंगाच्या मध्यावर खूण करायला वापरायचो. गल्ल्यावर मीच बसायचे ना. दुकान बंद झालं, पेन्सिली उरल्या."

चष्मेवाल्यांनी कप घेण्यासाठी हात पुढं केला. बोटं आधी बशीच्या काठावर गेली, मग कानावर. घोट न घेताच ते गरजले, "मला चोर माहीत आहे. बोलावलंय मी त्याला."

तीन

मिस्त्री स्कूटरवरून आले ते हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकूनच.

"दुसरी चावी कुणाकडं आहे?" चष्मेवाल्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"माझ्याकडं. तुम्हीच दिलीत."

"स्टीअरिंग काढायचं तर पुलर लावावा लागतो. तो कुणाला लावता येतो?"

मिस्त्रींनी सर्व्हेअरांकडे पाहिलं, मग शेठकडे. "शेठ, झालंय काय?"

"राघू परक्याला देऊ नका म्हणून गेल्या महिन्यात माझ्याशी भांडलास ते तूच ना? आता स्टीअरिंग नाही म्हटल्यावर गाडी जाते कशाला! बरोबर जमवलंस!"

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी खांद्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "भांडलो, खरंय. पण मी तुमच्या तोंडावर भांडलो, शेठ. मागून काही केलं नाही कधी." खिशातून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. राघूची चावी निघता निघेना, कारण वर्षानुवर्षं ती त्याच कडीत होती. अखेर निघाली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. "ही राहू द्या तुमच्याकडं. आणि मला परत बोलावू नका."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. एक पाऊल पुढं टाकून त्या थबकल्या. नवऱ्याकडे एकदा पाहून त्या पुन्हा आत गेल्या. सर्व्हेअरांनी ते पाहिलं.

बाहेर मिस्त्री पायरीवर बसले होते. स्कूटरला किक मारायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. सर्व्हेअर शेजारी टेकले. एका स्टीअरिंगसाठी आज दोन म्हाताऱ्यांची अख्ख्या आयुष्याची दोस्ती तुटणार होती. गाडीचं काय, मिळेल नाहीतर दुसरी मिळेल, पण हे एकदा तुटलं की या वयात कुणी जोडायला येत नाही. सर्व्हेअरांनी ठरवलं, आज याचा छडा लावल्याशिवाय इथून हलायचं नाही.

"मला चोरायचंच असतं ना साहेब, तर अख्खी गाडीच नेली असती. चावी होती की," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच खिन्नपणे हसले. "तुम्हाला सांगतो, शेठनी ही गाडी घेतली तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. चष्म्याचं एवढंसं दुकान, आणि घेतली काय तर कुणीतरी वापरून टाकलेली रेसची गाडी! मी म्हटलं, इंजिन उघडावं लागेल. म्हणाले, उघड. पुढचा अख्खा हंगाम आम्ही दोघं आणि वहिनी, संध्याकाळी दुकान बंद करून हेच. वहिनी टॉर्च धरायच्या, पाने हातात द्यायच्या. कुठला पाना कुठं लागतो हे मी सांगायच्या आधी त्या पुढं करायच्या."

"आणि ते लाकडी स्टीअरिंग?"

"ती तर गंमतच." मिस्त्रींचे डोळे चमकले. "मी गावाला गेलो होतो. दोघांना दम निघेना, घरीच बसवलं. पण जुनं काढताना खूण करायला विसरले! सरळ जायचं तर स्टीअरिंग वाकडं धरायचं, अशी महिनाभर गाडी चालवली या माणसानं. वहिनी शेजारी बसून पोट धरून हसायच्या. 'खूण करायला विसरू नये' हे तेव्हापासून त्यांच्या घरातलं बोलणंच झालं, चावी विसरली तरी तेच, भाजी जळाली तरी तेच. मग मी आलो, बसवून दिलं, आणि पुन्हा हा घोळ नको म्हणून दांड्यावर आणि स्टीअरिंगवर पंच ठोकून एकेक ठिपका मारून ठेवला. जन्मभर पुसायचा नाही."

"हे त्यांना सांगितलंत?"

"कशाला? वर ग्रीस येतं, दिसत नाही. ज्याला लागेल त्यालाच माहीत असलं की झालं."

"आणि रिमवरचे ओरखडे कशाचे?"

मिस्त्रींनी मान वळवली. "जुने असतील," ते म्हणाले.

पण ते ताजे होते, आणि हे मिस्त्रींच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

चार

चष्मेवाल्यांचा मेहुणा सेकंडहँड गाड्यांचा दलाल होता आणि बोलण्यात फार गोड होता. हा सौदा त्यानंच जमवलेला. तो आला तो गॉगल कपाळावर चढवूनच.

"भाऊजी, पोलिसांत जायचं नाव काढू नका. उगाच बभ्रा होतो आणि गाडीची किंमत पडते," त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं.

सर्व्हेअरांनी त्याला अंगणात गाठलं. "काल संध्याकाळी इथं आला होतात?"

"ताईला भेटायला आलो होतो. बहिणीकडं यायला काय परवानगी लागते?"

"दुसरं गिऱ्हाईक आहे ना तुमच्याकडं?"

मेहुण्यानं गॉगल खाली ओढला, पुन्हा वर केला. "तुमच्यापासून काय लपवायचं? आहे. जास्त द्यायला तयार आहे. हा सौदा चार दिवस रेंगाळला असता तर मला हवंच होतं, खोटं कशाला बोलू? कालही भाऊजींना तेच पटवत होतो. पण ते रेडिओच्या बातम्या ऐकत बसलेले, हूं नाही की चूं नाही. ताई तेवढ्यात गॅरेजमधून कपड्यांची बादली घेऊन आली आणि मला म्हणाली, तू आता घरी जा."

"गॅरेजमधून कपड्यांची बादली?"

"मग? बायका काय, कुठंही काहीही वाळत घालतात. आणि साहेब, पाना हातात धरायचा माझा स्वभाव आहे का? हा शर्ट बघा."

शर्ट खरोखरच दृष्ट लागण्यासारखा पांढरा होता.

सर्व्हेअर एकटेच गॅरेजमध्ये शिरले. फळीवर प्रत्येक हत्यार आपापल्या रेघेत होतं. पुलरही होता. मोठा पानाही होता. तो हातात घेतला तर पुसून लख्ख केलेला, बाकीच्यांवर तेलाचा पातळ थर. काम झाल्यावर हत्यार पुसून जागच्या जागी लटकवणारा चोर त्यांच्या उभ्या नोकरीत त्यांना भेटला नव्हता.

मग ते राघूत बसले. समोर नुसता उघडा दांडा होता. हॉर्नच्या वायरचं टोक टेपनं नीट गुंडाळलेलं होतं, कुणाला झटका बसू नये म्हणून. त्यांनी भिंग काढलं. दांड्याच्या टोकावर ग्रीस होतं आणि ग्रीस एका जागी हलकेच पुसून, केसाइतकी बारीक, सरळ रेघ काढलेली होती. रेघ दांड्याच्या कडेपर्यंत येऊन तुटली होती. तिचा उरलेला अर्धा भाग स्टीअरिंगसोबत गेला होता.

रेघ पिवळी होती.

सर्व्हेअरांनी रुमालानं दुसऱ्या बाजूचं ग्रीस पुसलं. खालून मिस्त्रींचा पंचचा ठिपका वर आला. ते तसेच बसून राहिले. मग त्यांची नजर शेजारच्या सीटखालच्या कार्पेटवर, त्या झिजलेल्या खळग्यावर गेली, आणि त्यांना एकदम हसू आलं. पण ते हसू टिकलं नाही. चोर कोण ते आता कळलं होतं, आणि सगळ्यांसमोर नाव घेण्याची त्यांची अजिबात इच्छा नव्हती.

पाच

मिस्त्री आत यायला तयार नव्हते. सर्व्हेअरांनी त्यांना दंडाला धरून आणलं. चष्मेवाले खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. मेहुणा मोबाइलशी चाळा करत होता. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"चोरी झालेलीच नाही," सर्व्हेअर म्हणाले. "चोर माल उचलतो आणि पळतो. दांड्यावर खूण करत नाही. स्टीअरिंग पुन्हा होतं तसंच सरळ बसावं अशी ज्याची इच्छा असते, तोच खूण करतो. म्हणजे ज्यानं ते काढलं, त्याला ते परत बसवायचंच होतं."

"तेच म्हणतोय मी!" चष्मेवाले वळले. "सौदा मोडला की बसवणार होता हा!"

"मिस्त्रींना खूण करायची गरजच नव्हती. त्यांनी स्वतः मारलेला ठिपका ग्रीसखाली आहे आणि तो फक्त त्यांनाच माहीत आहे. नवी रेघ काढणाऱ्याला ठिपका माहीत नव्हता. पण खूण करायला विसरू नये, हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं."

मेहुण्यानं फोन खाली ठेवला.

"तुम्हीही नाही," सर्व्हेअर त्याला म्हणाले. "तुम्ही हत्यार पुसून जागेवर लावणाऱ्यांतले नाही. राग मानू नका."

"छे छे," मेहुणा म्हणाला, "उलट आभारच."

"म्हणजे उरलो मी," चष्मेवाले हसले, पण ते हसू कडवट होतं. "मीच माझं स्टीअरिंग चोरलं म्हणा की!"

सर्व्हेअर थांबले. इथवर सगळं सोपं होतं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींची मान खाली होती. मग त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, टेबलावर पडलेल्या चावीकडे पाहिलं.

"नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ती रेघ फार बारीक आहे. तुम्हाला ती काढता आली नसती."

चष्मेवाल्यांचा चेहरा विझला. त्यांनी चाचपत खुर्चीचा हात धरला.

"गुडघ्याचं कारण मला पटलं नव्हतं," सर्व्हेअर पुढं म्हणाले. "मघाशी तुम्ही मिस्त्रींना फोन करायला जिना दडादड चढून गेलात. आणि सकाळी स्टीअरिंग नसलेल्या गाडीसमोर उभं राहून तुम्ही मला त्याच्या पॉलिशचं कौतुक सांगत होतात."

"डोळे तपासून घेतलेत मी," चष्मेवाले पुटपुटले. "सगळ्या ओळी वाचल्या. शेवटचीसुद्धा."

"तो तक्ता तुम्हाला झोपेत विचारला तरी पाठ आहे," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या चौकटीपासून पुढं आल्या. "मीच काढलं स्टीअरिंग. काल तुम्ही बातम्या ऐकत होतात तेव्हा. नट निघेना, पान्याला पाइप लावून निघाला. बादलीत घालून, वर कपडे टाकून आणलं."

"तू?"

"उद्या पहाटे शेवटची चक्कर मारून आणतो म्हणालात. घाटापर्यंत. एकटाच जातो म्हणालात." वहिनींनी पदर तोंडाला लावला, मग सोडला. "मागच्या वेळी तो सायकलवाला आठवतो? मी ओरडले तेव्हा तुम्ही स्टीअरिंग वळवलंत. म्हणालात, दिसला होता मला. नव्हता दिसला. डोळ्यांपुढं मधोमध डाग आहे तुमच्या, मला कळत नाही? बरण्यांवर एवढाली अक्षरं मी स्वतःसाठी काढते का? अख्ख्या शहराला तुम्ही चष्मे दिलेत, तुम्हाला दिसत नाही हे मी कुठल्या तोंडानं सांगू? राघू उद्या गेला असता. एकच पहाट काढायची होती. दुपारच्या आत मीच परत बसवणार होते, म्हणून तर खूण केली."

"आणि मिस्त्रीवर आळ आला तेव्हा?" चष्मेवाल्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय माझा. बोलावं तर तुमचं उघडं पडतं, न बोलावं तर भाऊजींचं वाटोळं होतं." त्या मिस्त्रींकडे वळल्या. "भाऊजी, संध्याकाळी मी तुमच्या घरी येऊन सांगणार होते. खरंच सांगते."

"वहिनी, असू द्या हो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून डोळे पुसले आणि तेलाचा पट्टा गालावर उमटला. "रिम मी बघितले होते. मलाही तोंड उघडवलं नाही."

वहिनींनी खुर्चीतली गोल उशी उचलली, अभ्र्याची चेन उघडली आणि आतून लाकडी स्टीअरिंग बाहेर काढलं. सर्व्हेअरांचा हात नकळत आपल्या मणक्याकडे गेला.

चष्मेवाल्यांनी स्टीअरिंग दोन्ही हातांत घेतलं. त्याच्या कडेवरून ते अंगठा फिरवत राहिले. मग टेबलाकडे गेले, चाचपून चावी उचलली आणि मिस्त्रींचा हात शोधून त्यात ठेवली.

"मला दिसत नाही रे," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. पण तू दिसायला हवा होतास, तू तर शेजारीच उभा होतास. चुकलो मी."

मिस्त्रींनी चावी जुन्या कडीत सरकवली. "चला," ते म्हणाले, "स्टीअरिंग बसवू. वहिनी, टॉर्च धरा."

सहा

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा राघू अंगणात उभा होता. सर्व्हेअरांनी त्यांना आपला अभिप्राय सांगितला: गाडी डोळे मिटून घ्या. रिमवर थोडे ओरखडे आहेत, निघतील. शेजारच्या सीटखालचं कार्पेट झिजलंय, ते मात्र बदलू नका.

"का?"

"असू द्या तसंच," एवढंच ते म्हणाले.

चावी घेताना बाई चष्मेवाल्यांना म्हणाल्या, "काका, तुम्हाला आठवणार नाही. मी शाळेत असताना माझा पहिला चष्मा तुम्ही लावलात. म्हणालात, आता बाहेर जा आणि काय दिसतं ते येऊन सांग. बाहेर ही गाडी उभी होती. त्याआधी मला सगळं जगच पुसट दिसायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलेली गोष्ट म्हणजे हा राघू."

चष्मेवाले राघूचं बोनेट चाचपत राहिले. वहिनीच पुढं झाल्या. "यांची घाटापर्यंतची एक चक्कर राहिलीय," त्या म्हणाल्या. "न्याल का?"

चष्मेवाले सवयीनं चालवणाऱ्याच्या दाराकडे निघाले. दोन पावलं टाकून थांबले, आणि गाडीला हात लावत लावत, वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते कधीच बसले नव्हते. ती जागा वहिनींची होती.

राघू गरजत फाटकाबाहेर पडला. मिस्त्री आवाजावरून गिअर ओळखत, नापसंतीनं मान हलवत उभे राहिले. वहिनी पायरीवर बसल्या. सर्व्हेअरांनाही कामं होती, पण ते गेले नाहीत.

गाडी परत आली तेव्हा बाईंनी इंजिन लगेच बंद केलं नाही. चष्मेवाल्यांनी हात वर करून थांबवलं असणार. राघू गुरगुरत राहिला आणि हळूहळू त्याची धाप ओसरली. मग तो शांत झाला.

चष्मेवाले उतरले नाहीत. दार उघडून तसेच बसून राहिले. वहिनी घाबरून जवळ गेल्या. "काय हो? बरं वाटत नाही का?"

त्यांचा उजवा पाय कार्पेटच्या त्या खळग्यात होता. टाच बरोबर बसली होती. त्यांनी पाय उचलला, दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला, आणि वर पाहिलं, जिथं बायकोचा चेहरा असायला हवा तिकडे.

"एवढी वर्षं," ते म्हणाले, "तू इथं ब्रेक दाबत होतीस?"

"मग काय करणार?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कुठं दाबत होतात!"

मिस्त्री फडक्यात तोंड लपवून हसू लागले. चष्मेवाल्यांनी हात पुढं केला. वहिनींनी पट्टी बांधलेला हात त्यांच्या हातात दिला.

"सोडू नकोस हं," ते म्हणाले. "तुझा ब्रेक चांगला लागतो."